चाकू हातात द्यायचा नाही

तात्यांनी मला कधीच चाकू हातात दिला नाही. पेरू कापायला मागितला तर ते आधी तो मिटायचे, ओट्यावर ठेवायचे, हात मागे घ्यायचे आणि मग म्हणायचे, "आता उचल." काम झाल्यावर मी परत द्यायला गेले की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. "खाली ठेव. माझा मी घेतो."

पहिल्या दिवशी मी चाकू उचलायचा सोडून त्यांच्या मागे घेतलेल्या हातांकडेच बघितलं. परक्याच्या घरात नव्याने राहायला आलेल्या आमच्यासारख्या घरातल्या मुलीच्या मनात अशा वेळी काय येतं, ते मी इथे लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. पण त्याच संध्याकाळी काकूंनी भेंडी चिरायला चाकू मागितला, आणि तात्यांनी तो त्यांच्यासमोरही तसाच जमिनीवर ठेवला. मला इतकं हलकं वाटलं की मी न विचारता भेंडी चिरायला बसले.

"चाकू हातात दिला की भांडण हुतं," तात्यांनी नंतर सांगितलं. "बायकोशी तर आधीच हाय. आनि कशाला वाढवायचं?"

"न देता बी काय कमी केलंय," काकू म्हणाल्या.

मी बारामतीत बी.एस्सी.ला होते आणि शेजारच्या जळोचीत त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. वडील इंदापूरकडच्या आमच्या गावातून मला मोटारसायकलवर सोडायला आले तेव्हा तात्यांनी ना भाड्याचं विचारलं ना माझ्या मार्कांचं. एवढंच विचारलं, "तुमच्या दारात झाड कुठलं?"

"लिंब हाय, कडू," वडील म्हणाले.

"बियाचा का लावलेला?"

"आपला आपण उगवलेला."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. खोली मिळाली.

तात्या कलमं बांधायचे. बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या किती बागांमध्ये त्यांच्या हातची झाडं आहेत, ते त्यांनाही सांगता येणार नाही. पेरूचं पाचर कलम हा त्यांचा खास हात. रोपाचा शेंडा उडवायचा, खोडाला मधोमध चीर द्यायची, चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि वरून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. सांगायला एवढंच आहे. मी वनस्पतिशास्त्राच्या वहीत याची आकृती काढली होती आणि तिला पूर्ण मार्क मिळाले होते. तीच गोष्ट तात्यांच्या अंगणात करायला गेले तेव्हा माझी सहा रोपं वाळली.

त्यांचा चाकू मुठीत मावेल एवढा होता. मूठ बाभळीची, पातं इंदापूरच्या एका लोहाराने करून दिलेलं. घासून घासून पातं निम्मं राहिलं होतं. तो बंडीच्या आतल्या खिशात असायचा. लग्नाला, मयताला, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे. दररोज संध्याकाळी ते पायरीच्या दगडावर त्याला धार लावायचे आणि डाव्या हातावरचे केस काढून धार बघायचे. त्यामुळे त्यांच्या मनगटाच्या वर रुपयाएवढा चट्टा कायम गुळगुळीत असायचा. कोण किती वर्षं कलमं बांधतोय, हे त्या चट्ट्यावरून ओळखता येतं असं ते म्हणायचे. ते खरं की थापा, मला माहीत नाही.

माणसांचेही त्यांनी दोन भाग केले होते, बियाची आणि कलमाची. ज्याला घरातून तयार काहीतरी मिळालं तो कलमाचा. मी बियाची. एकदा माझा एक पेपर फार वाईट गेला आणि मी जेवले नाही. तात्या दाराशी येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. म्हणाले, "कलम दोन वर्सांत फळ देतंय. बियाच्या झाडाला येळ लागतो. पर सोटमूळ त्यालाच असतंय, वारं आलं तर पडत न्हाय." मग थोडं थांबून, "फळ आंबट निगतंय कवा कवा. त्येबी खरं." एवढं बोलून गेले. मला हसू आलं आणि मी जेवले.

आता ताईविषयी सांगायला हवं. ताई म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. ती दिल्लीत सरकारी बागांची देखभाल करणाऱ्या एका खात्यात नोकरीला होती. रोज संध्याकाळी काकू तिला फोन लावायच्या. स्पीकर चालू करून फोन खांबाच्या कोनाड्यात ठेवायच्या आणि ज्वारी निवडत बोलायच्या. तात्या समोरच पायरीवर चाकू घासत असायचे.

"तात्या कुठंयत?" पलीकडून आवाज यायचा.

"हितंच. चाकू घासत्यात."

"जेवले का?"

"इचार की तूच."

 मग इकडे घासायचा आवाज थांबायचा. मी खिडकीत पुस्तक घेऊन बसलेली असायचे, मीही पान उलटायचं थांबवायचे. थोड्या वेळाने घासायचा आवाज पुन्हा सुरू व्हायचा आणि काकू म्हणायच्या, "बरं, तिकडं थंडी हाय का?"

बापलेक पाच वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते.

कारण विचारलं तर तात्या एकच सांगायचे. "गडबडीत तिच्या हातात चाकू दिला. नरसिंगपूरला. चूक तितं झाली." मी ते खरं मानलं होतं. खरं काय झालं ते काकूंनी सांगितलं. ताई लहानपणापासून तात्यांबरोबर कलमं करायला जायची. नरसिंहपूरजवळ नदीकाठच्या एका बागेत तिने चाळीस रोपांना स्वतःच्या पद्धतीने कलम केलं, तात्या करायचे त्याच्यापेक्षा वीतभर उंच. तिचं म्हणणं, पावसाळ्यात नदीचं पाणी आत येतं, जोड चिखलात बुडता कामा नये. तात्या आले, बघितलं, आणि बागमालकाच्या आणि गड्यांच्या देखत ती सगळी कलमं छाटून टाकली. पुन्हा स्वतः खाली बांधली.  त्या वर्षी ताईने सरकारी नोकरीची परीक्षा दिली आणि दिल्लीला गेली.

"मग चाकू हातात दिला होता ते?" मी विचारलं.

"दिला हुता की," काकू म्हणाल्या. "पर चाकवाला दोष द्यायचा म्हंजे सोपं असतंय."

तात्या देवभोळे नव्हते, पण दर दोन-तीन महिन्यांनी नरसिंहपूरला दर्शनाला जायचे. एकदा मी गावाकडून परत येताना इंदापूरच्या स्टँडवर भेटले, तर मलाही बरोबर घेऊन गेले. देवळात पाच मिनिटंही थांबले नाहीत. बाहेरूनच हात जोडले आणि मला घेऊन नदीच्या अंगाने चालत एका बागेत गेले. बागेच्या अगदी कोपऱ्यात, विहिरीमागे, एक पेरूचं झाड होतं. बाकीच्या झाडांपेक्षा भरदार. त्यांनी खोडावर एका जागी बोट ठेवलं. जोड होता. वीतभर उंच.

"एक राहिलं हुतं माझ्याकडनं," ते म्हणाले. "इहिरीमागं हुतं, दिसलं न्हाय."

"बाकीची?"

"हायत. दोनदा पाणी आलं बागंत. निम्मी कुजली."

"मग ताईंना सांगा ना."

त्यांनी चाकू काढला, एक पेरू कापला, अर्धा फांदीच्या बेचक्यात ठेवला आणि हात मागे घेतला. "खा."

यानंतर दोन गोष्टी जवळजवळ एकदम झाल्या. दिल्लीतल्या एका संस्थेत उन्हाळी प्रशिक्षणासाठी माझी मुलाखत ठरली आणि विमानाचं तिकीट संस्थेनेच पाठवलं. आणि एका संध्याकाळी फोनवर ताई म्हणाली, "आई, दारात मी पेरूचं बी टाकलं होतं ना, त्याला फळं आली. नुसत्या बिया. कलम करायला कुणीतरी लागेल."

काकूंनी निवडायचं थांबवलं. "तुमाला म्हनती ती," त्या तात्यांना म्हणाल्या.

"ऐकू आलं," तात्या म्हणाले.

ताई स्वतः रोज कलमं करते, मग तिला कुणीतरी कशाला लागेल, हा प्रश्न मला रात्री पडला. त्याचं उत्तर कळल्यावर मला स्वतःच्या बावळटपणाची लाज वाटली.

तात्या लगेच हो म्हणाले नाहीत. पण दुसऱ्याच दिवशी नरसिंहपूरला जाऊन आले. आठवड्याने पुन्हा. "आठ दिवसांत दोनदा नरसोबा?" काकू म्हणाल्या. "आसं काय पाप केलंय?" मला मात्र कळलं होतं. कलमासाठी काडी घ्यायची असेल तर आठ दिवस आधी तिची पानं खुडून ठेवतात, म्हणजे तिच्यावरचे कोंबांचे डोळे फुगतात. दुसऱ्या खेपेला ते आले तेव्हा पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या बारा काड्या होत्या. मग ते माझ्या दाराशी आले. "तू कोंच्या इमानानं चाललीस? मलाबी त्यातच बसव."

विमानात आम्ही दोघंही पहिल्यांदाच बसणार होतो. मी मोबाइलवर नियम वाचून वहीत यादी केली. हातातल्या सामानात काय चालत नाही: चाकू, कात्री, ब्लेड, लायटर, सुकं खोबरं. तात्यांनी चष्मा लावून यादी वाचली.

"खोबऱ्यानं इमान पाडलंय व्हय कुणी?"

"ते पेट घेतं म्हणतात, तेल असतं ना त्यात."

"आनि चाकू?"

"चाकू मोठ्या बॅगेत टाकायचा. ती बॅग विमानाच्या पोटात जाते. खिशात ठेवायचा नाही."

"म्हंजी दुसऱ्याच्या हातात द्यायचा."

"हातात नाही तात्या, पट्ट्यावर ठेवायची बॅग."

"पुढं कुणीतरी उचलनारच की."

त्यांचं सगळं त्या चाकूवर होतं, आणि ते मला माहीत होतं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "तिच्या म्होरं ठेवनार हाय. तिनं उचलला तर मिटलं. बोलायचं काम न्हाय." पाच वर्षांत जे तोंडातून निघालं नाही ते त्या चाकूने सांगायचं होतं.

पुण्याच्या विमानतळावर तात्यांच्या पुतण्याने आम्हाला सोडलं आणि त्याला एमआयडीसीत पाळीवर जायचं होतं म्हणून तो लगेच परत गेला. बॅग देताना मी विचारलं, "तात्या, टाकला ना बॅगेत?" ते म्हणाले, "व्हय." आणि त्यांचा हात बंडीच्या खिशापाशी जाऊन आला. मी ते बघितलं. बंडीला आलेला फुगवटाही बघितला.

मी पुन्हा विचारलं नाही. ही गोष्ट मला प्रामाणिकपणे लिहायची आहे. आमच्यामागे रांग होती, सगळे इस्त्रीच्या कपड्यांतले. त्यांच्यासमोर मोठ्याने 'चाकू' म्हणायची मला भीती वाटली. काउंटरवरच्या बाईंनी इंग्रजीत काही विचारलं तर काय उत्तर द्यायचं, याचीही. बॅग पट्ट्यावरून आत गेली आणि मी गप्प राहिले.

तपासणीला बायकांची रांग वेगळी होती. मी पडद्याआडून बाहेर आले तेव्हा तात्या लाकडी चौथऱ्यावर उभे होते, पायात चपला नाहीत, मुठीत मिटलेला चाकू. समोर एक तरुण जवान हात पुढे करून उभा.

"दीजिए," जवान म्हणत होता.

"हातात देत न्हाय," तात्या म्हणत होते.

"बाबा, चाकू दीजिए."

तात्यांनी मूठ पाठीमागे नेली. दुसरा एक जवान पुढे आला. लोक बघायला लागले. मी पुढे गेले. "सर, वो हाथ में नहीं देते," मी म्हणाले. "हाथ में दिया तो झगडा होता है."

"नहीं दिया तो झगड़ा होगा," जवान म्हणाला.

"ट्रे. ट्रे में रखेंगे. फिर आप उठाओ."

जवानाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. मग एक रिकामा ट्रे टेबलावर सरकवला आणि दोन पावलं मागे झाला. तात्यांनी चाकू ट्रेमध्ये ठेवला. हात मागे घेतले. "आता उचल," ते म्हणाले.

जवानाने तो उघडला. झिजलेलं पातं बघून त्याची भुवई वर गेली. "क्या करते हो इससे?"

तात्या अभिमानाने म्हणाले, "कलम करता हूँ. हजारो किया."

जवानाचा चेहरा बदलला. हिंदीत मुंडकं उडवण्यालाही कलम करणं म्हणतात, हे मला त्याच क्षणी आठवलं. "किसका?" त्याने विचारलं.

"पेरू का!" मी घाईघाईने म्हणाले. त्याला ते कळलं नाही. पेरूला हिंदीत काय म्हणतात ते मला काही केल्या आठवेना. मी हाताने गोल करून दाखवलं, खाऊन दाखवलं. तात्यांनी शांतपणे पिशवीतलं ओलं फडकं काढलं आणि काड्या दाखवल्या.

"अच्छा, अमरूद!" जवान एकदम हसला. "कलमी अमरूद. हमारे गाँव में आम का होता है. बाबूजी करते हैं." त्याने पात्यावरून अंगठा आडवा फिरवला, धार बघतात तसा, आणि तात्यांनी ते बघितलं. मग तो चाकू मिटून हळूच म्हणाला, "लेकिन जाएगा नहीं, बाबा. नियम सबके लिए है. मेरे पिताजी होते तो भी नहीं."

परत जाऊन बॅगेत टाकता येईल का, मी विचारलं. बॅग गेली होती. बाहेर कुणाला देता येईल का? पुतण्या निघून गेला होता. आमच्या विमानाची सूचना चालू झाली होती. तात्या बाकावर बसले. चपला घातल्या नाहीत.

"तू जा," ते म्हणाले. "मी जातो येष्टीनं परत."

"तात्या, ताई वाट बघतायत."

"मोकळ्या हातानं जाऊन काय करू?"

"माझी चूक झाली," मी म्हणाले. "मला दिसलं होतं खिशात. मी बोलले नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "दिसलं हुतं?"

"हो."

"आनि बोलली न्हाईस."

"नाही."

ते ट्रेकडे वळले. मग का कोण जाणे, थोडेसे हसले. "तुलाबी माझंच कलम लागलं म्हणायचं," असं म्हणाले आणि चपला घालायला वाकले. उठल्यावर जवानाला म्हणाले, "आमी लांब जाऊस्तवर उचलू नका." मी त्याचं हिंदी करून सांगितलं. जवानाने मान हलवली. आम्ही वळणावर पोचल्यावर मी मागे बघितलं. तो अजून हात न लावता उभा होता.

विमानात तात्या खिडकीतून बाहेर बघत होते. ढग आले, गेले. एकदाच बोलले. "आता तोंडानं बोलाया लागंल की गं."

ताईचं घर तळमजल्यावर होतं, पुढे दोन खाटा मावतील एवढी माती. ती दारात उभी होती.

"आलात," ती म्हणाली.

"आलो."

जेवण झालं. दिल्लीच्या थंडीविषयी, बारामतीच्या उन्हाविषयी मीच बोलत राहिले. तात्यांचा हात दोन-तीनदा रिकाम्या खिशाकडे गेला. ताईच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"चाकू कुठंय?"

"ठिवला. इमानतळावर. एका पोराच्या म्होरं."

 तात्या उठून बाहेर गेले, पेरूच्या झाडासमोर उकिडवे बसले आणि फडकं सोडलं. आम्ही दोघी त्यांच्यामागे गेलो होतो. "ह्या काड्या नरसिंगपूरच्या."

"तिथली तुमी सगळी कापली हुती." पहिल्यांदाच ती गावाकडचं बोलली.

"एक राहिलं हुतं. इहिरीमागचं." ते झाडाकडे बघून बोलत होते, तिच्याकडे नाही. "लई झ्याक झालंय. तुझी चाळीस बी बरोबर हुती. मी कापाया नको हुती."

ताई वळली आणि आत निघून गेली. मला वाटलं, संपलं. तात्याही तसेच बसून राहिले, हातात काडी. मग ती स्वयंपाकघरातली भाजीची सुरी घेऊन बाहेर आली. सवयीने ती खाली ठेवायला वाकली, तर तात्यांनी हात पुढे केला होता. तळवा उघडा.

"हातात दे," ते म्हणाले.

"आन् भांडण?"

"हुऊ दे. लई दिवसांत झालं न्हाय."

तिने सुरी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी चहाचा कप मागवला, उलटा करून त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर सुरी घासली, डाव्या हातावर धार बघितली, तोंड वाकडं केलं, पुन्हा घासली. मग खोडाला हात लावून विचारलं, "कुठं कापू?"

"हितं." तिने बोट ठेवलं.

"लई वर हाय."

"मग?"

"न्हाय, कापतो की. नुसतं सांगितलं."

"तुमी नुसतं कवा सांगता, तात्या?"

"दिल्लीत काय पूर येतोय व्हय दारात?"

"पूर न्हाय, पर माळी रोज पाईप सोडून जातोय. आन् पट्टी अशी न्हाय बांधायची, खालनं वर या."

"मला शिकीव आता! तुझ्या जन्माआधीपासनं बांधतोय."

"म्हणून तर अजून चुकतंय."

आत माझा फोन वाजला. काकू होत्या. मी आत जाऊन उचलला. बाहेरचा आवाज तिकडे जात असावा.

"काय चाललंय गं?" त्यांनी विचारलं.

"भांडतायत," मी म्हणाले.

"दोघं बी?"

"हो."

"मग असू दे," काकू म्हणाल्या. "ठेव फोन."